टाळ कोणाच्या हाती द्यावा?



घरातले एखादे मूल सप्ताहातून परत आले आणि म्हणाले, "मला मृदंग शिकायचा आहे," तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, हे एकदा आठवून पाहा. बहुतेक घरांत तो प्रश्नच असतो. "परीक्षेला त्याचा काही उपयोग आहे का?" हा पहिला. "पुढे त्यावर पोट भरेल का?" हा दुसरा. आणि मूल जरा चुणचुणीत असेल तर तिसराही येतो, "चार लोकांत नाव होईल का?" गुण, पैसा आणि नाव अशी तीन मापे आपण मुलापुढे ठेवतो. मुलाच्या मनात त्या वेळी यातले एकही नसते. मृदंगावर पडलेली थाप त्याच्या छातीत घुमलेली असते आणि ती आपल्या हातून निघावी एवढेच त्याला वाटत असते.

प्रश्न विचारणारे आईबाप वाईट नसतात. त्यांनी जग पाहिलेले असते. म्हणून त्यांच्यावर रागावून भागत नाही, त्यांच्या प्रश्नाचा नीट विचार करावा लागतो. फळावर डोळा ठेवून शिकलेली कला ही कला राहते का? आणि राहत नसेल, तर फळ मागत दाराशी आलेल्या मुलाचे आपण काय करायचे?

वारकऱ्याला हा प्रश्न नवीन नाही. भक्तीच्या बाबतीत तो आपण पिढ्यानपिढ्या विचारत आलो आहोत. सकाम भक्ती ही भक्ती म्हणावी की देवाशी केलेला व्यवहार? तेच कोडे इथे कलेच्या रूपाने समोर आले आहे, एवढेच.

आधी शाळेकडे पाहू. आपल्या महाराष्ट्रात चित्रकलेच्या दोन ग्रेड परीक्षा आहेत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांत विषय असतात. या परीक्षेच्या, तसेच शास्त्रीय कला व लोककला यांच्या प्रावीण्यासाठी दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळण्याची सोय आहे. यावर दोन मते ऐकू येतात. एक मत असे, की गुण जोडले आणि कला बाटली. आता मूल चित्रासाठी चित्र काढत नाही, टक्क्यांसाठी काढते. दुसरे मत असे, की गुण नसते तर निम्मी मुले त्या वर्गाकडे फिरकलीच नसती. निदान त्या निमित्ताने हातात कुंचला तरी आला.

दोन्ही मतांत तथ्य आहे. पण यावर गीतामाउलीकडे जावे. सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. कोणी संकटात सापडला म्हणून येतो, कोणी जाणून घेण्यासाठी येतो, कोणाला काही मिळवायचे असते म्हणून येतो. ज्ञानी भक्त देवाला सर्वांत प्रिय, हे खरे. परंतु अर्थार्थी माणसाला देवाने यादीतून वगळलेले नाही. चौघांनाही उदार म्हटले आहे. काही मागायला आला म्हणून कोणाला दारातून परत पाठवलेले नाही.

म्हणून वाढीव गुणांसाठी चित्रकलेच्या वर्गात बसलेले मूल हे अर्थार्थी आहे, असे समजावे. ते चुकलेले नाही, अजून वाटेवर आहे. मूल कोणत्या दारातून आत आले याचा दोष मुलाला देऊ नये. आत आल्यावर त्याला काय भेटते, हे मात्र शिकवणाऱ्याच्या हाती आहे. समजा, स्मरणचित्राला दिंडीचा विषय आला. एक शिक्षक फळ्यावर दिंडीचे तयार चित्र काढून देईल: इथे पताका, इथे तुळस डोक्यावर घेतलेली बाई, इथे मागे डोंगर. वर्गातली चाळीस मुले चाळीस सारख्या दिंड्या काढतील आणि गुणही मिळवतील. दुसरा शिक्षक विचारेल, "तू पाहिलेल्या दिंडीत तुला काय आठवते?" मग कोणी पाणी वाटणारा हात काढील, कोणी चिखलात रुतलेली चप्पल, कोणी झाडाखाली पाय चेपत बसलेली आजी. त्या मुलांनाही गुण मिळतीलच. परीक्षा तीच, दारही तेच. पण दुसऱ्या वर्गातल्या मुलाच्या स्मरणाला कोणीतरी किंमत दिली. नामस्मरण करणाऱ्या आपल्यासारख्यांना स्मरणाचे मोल वेगळे सांगायला नको.

परीक्षेविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. गोरोबाकाकांच्या घरी संतांची परीक्षा झाली, ती कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. काकांनी मडकी थापटायचे थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले. नामदेवराय रुसले, आणि मडके कच्चे ठरले. विठ्ठलाशी बोलणाऱ्या भक्ताला भर सभेत कच्चे म्हटले गेले. पण कथा तिथे संपत नाही. तो निकाल नामदेवरायांना विसोबा खेचरांकडे घेऊन गेला. कच्चे म्हणजे टाकून देण्याजोगे, असा अर्थ कुंभार कधीच घेत नाही. कच्चे म्हणजे अजून भाजायचे आहे. पुढे त्याच नामदेवरायांनी कीर्तन पंजाबापर्यंत नेले आणि त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात मानाने विराजमान झाली. मुलाला गुरूच्या दाराशी नेऊन सोडणारी परीक्षा अशी असते. आज आपण मुलाच्या चित्रावर किंवा गाण्यावर "याला जमत नाही" असा शेरा मारतो, तेव्हा पुढचे दार दाखवतो का? दाखवत नसू, तर ती काकांची परीक्षा नव्हे. ते नुसते डोक्यावर थापटणे झाले.

आता आपल्या घरची रीत पाहू. वारकरी परंपरेत कलेचे दार कोणते? ते दार म्हणजे टाळ. दिंडीत विणेकरी एक असतो, मृदंग एक किंवा दोन असतात, पण टाळकरी मात्र कितीही चालतात. लहान मुलाला टाळ देताना त्याचा गळा कसा आहे, हात कसा आहे, हे कोणी तपासत नाही. काशाच्या दोन वाट्या, मधून ओवलेली दोरी, एवढे ते साधन. मुलाला ओळीत उभे करतात आणि सांगतात, "शेजारच्याकडे बघ." झाला प्रवेश.

पण या सोप्या दाराच्या आत अवघड शाळा आहे. टाळ नुसता आपटला तर आवाज फार मोठा होतो आणि शेजाऱ्याचे काही ऐकू येत नाही. मूल पहिल्या दिवशी जोरात वाजवते, कारण आपण वाजवतो आहोत हे त्याला स्वतःला ऐकायचे असते. चार दिवसांत त्याच्या लक्षात येते, की आपला टाळ वेगळा ऐकू आला म्हणजे चुकले. मग ते मृदंगाकडे कान लावते, पाऊल उचलणाऱ्याच्या पायाकडे पाहते, आणि एका क्षणी पन्नास टाळांचा एकच टाळ होतो. त्या क्षणी त्या मुलाला काय मिळाले, हे कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिता येत नाही. आपला आवाज न हरवता सगळ्यांच्या आवाजात मिळवता येतो, हे त्याला समजले. सप्ताहातली वीणा पाहा. ती सात दिवस खाली टेकत नाही. पहारा बदलला, की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणा माझी आहे असे कोणालाच म्हणता येत नाही, आणि ती माझी जबाबदारी नाही असेही म्हणता येत नाही.

दार सर्वांना मोकळे म्हणजे शिकणे सैल, असा मात्र अर्थ कोणी काढू नये. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, ती चार वर्षांच्या शिस्तीच्या अभ्यासक्रमासाठी. पाठांतर, ग्रंथांचा अभ्यास, चिंतन, भजन आणि कीर्तन यांची तिथे बैठक घालून दिली. मृदंगाचेही तसेच. डाव्या तोंडाला कणीक मळून लावायची, ती किती ओली, किती जाड, हे बोटांनाच कळावे लागते. उजव्या तोंडाचा सूर गठ्ठे ठोकून मिळवायचा. ता, धि, थुं, ना ही अक्षरे हातात बसायला महिनेच्या महिने जातात. यातले कोणतेही काम घाईने होत नाही. मुलाला घाई असते, आईबापांना त्याहून असते, गुरूला नसते. कलेच्या शिक्षणातला निम्मा संस्कार या न-घाईतच आहे, असे म्हटले तरी चालेल.

इथे एक नाजूक विषय येतो. तो टाळून पुढे गेलो तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. आपण मुलाला फळाची आशा सोडायला सांगतो. पण शिकवणाऱ्याने काय खावे? कीर्तनाच्या बदल्यात काही घेऊ नये, त्या ठिकाणी अन्नसुद्धा घेऊ नये, इतके कडक व्रत तुकोबांनी सांगितले आहे. ते वचन आपल्या संप्रदायाचे भूषण आहे. परंतु आज त्या वचनाचा आधार कोण घेते, ते पाहावे. मुलाच्या गणिताच्या शिकवणीला वर्षाकाठी हजारो रुपये मोजणारे आपण, मृदंगाच्या गुरुजींना मात्र नारळ आणि उपरणे देऊन म्हणतो, "ही तर सेवा आहे, महाराज." व्रत हे ज्याने घ्यायचे त्याने स्वतःसाठी घ्यायचे असते. दुसऱ्याच्या व्रताचा उपयोग करून आपला पैसा वाचवणे, याला भक्ती म्हणता येणार नाही.

आळंदीला शिकणारे विद्यार्थी माधुकरी मागून राहत, हे आपण अभिमानाने सांगतो. ते शिक्षण फुकट होते, असेही सांगतो. जरा थांबून विचार करावा. ते शिक्षण फुकट नव्हते. त्याचे मोल भाकरीच्या रूपाने गावाने दिले होते. कोणाच्या तरी चुलीवर त्या मुलासाठी एक भाकरी जास्त थापली जात होती. शिकणाऱ्याने मागितले आणि गावाने दिले, तेव्हा कुठे ती विद्या उभी राहिली. आज माधुकरीची पद्धत आपल्या गावात नसेल, पण तिच्यामागचे तत्त्व तर बदललेले नाही. मुलांना कला शिकवणाऱ्याचे घर चालावे, ही काळजी गावाची आहे. ती गावाने घेतली, तर शिकवणारा फळाचा विचार न करता शिकवू शकतो. गावाने ती टाकली, तर त्याला बिदागीचे हिशेब करावे लागतात, आणि मग आपणच त्याला लोभी म्हणतो.

शाळेतल्या कलाशिक्षकाची गोष्ट याहून वेगळी नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शालेय शिक्षणात कलांना मानाचे स्थान द्यावे असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि विज्ञान यांत भिंत नको असे म्हटले. कागद चांगले आहेत. पण परीक्षा जवळ आली, की पहिला बळी चित्रकलेच्या किंवा संगीताच्या तासाचा जातो, हे शाळेत मूल असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो तास गणिताला दिल्याबद्दल पालकसभेत कोणी तक्रार करीत नाही. गणिताचा तास गाण्याला दिला, तर मात्र दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दाराशी रांग लागेल. त्यामुळे धोरणाला नावे ठेवण्याआधी त्या रांगेत आपण कुठे उभे असू, ते पाहिले पाहिजे.

आता तिसऱ्या फळाकडे येऊ. गुणांचे फळ वर्षातून एकदा येते, पैशाचे कधीतरी येते, टाळ्यांचे फळ मात्र त्याच क्षणी पदरात पडते. म्हणून ते सर्वांत कठीण. अलीकडे सहा-सात वर्षांची मुले डोक्याला फेटा बांधून कीर्तनाला उभी राहिलेली आपण पाहतो. मूल गोड असते, पाठांतर चोख असते, सभा डोलते, मोबाइल वर होतात. मुलाने कीर्तन करणे यात काहीच गैर नाही. ज्ञानोबामाउलींनी गीतेवर टीका सांगितली ती १२९० साली, आणि परंपरेच्या गणतीप्रमाणे तेव्हा त्यांचे वय पंधरा होते. वयाचा प्रश्न नाहीच. प्रश्न असा आहे, की त्या सहा वर्षांच्या मुखातून कोणाचे शब्द निघतात? नवरा-बायकोच्या भांडणावरचे विनोद, सुनेची टवाळी, संसाराला कंटाळल्याची वाक्ये त्या बाळाच्या तोंडी आपण घालतो. त्याने संसार पाहिलेला नाही, वैराग्य दूरच. ज्याचा अर्थ आपल्याला कळत नाही त्याला लोक हसतात आणि हसले म्हणजे आपण चांगले, एवढाच धडा ते शिकते. पुढे आवाज फुटतो, गोडवा जातो, सभा दुसऱ्या लहान मुलाकडे वळते. मग त्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोण विचारते?

तुकोबाराय कसे शिकले, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. आरंभी कीर्तनाचा अभ्यास नव्हता, हे त्यांनी लपवले नाही. संतांची वचने विश्वासाने पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे राहून ध्रुपद धरले. आपल्या मराठी वाणीचा हा कळस, पण शिकण्याची सुरुवात झाली ती मागच्या ओळीत. पुढच्याचे ऐकायचे, तो जिथे सोडील तिथून उचलायचे, पुन्हा त्याच्या हाती द्यायचे. हे करता करता भाव शुद्ध झाला, आणि मग पुढे स्वप्नात नामदेवराय पांडुरंगासह आले आणि कवित्व करण्याची आज्ञा झाली. क्रम लक्षात घ्या. पाठांतर, मग मागे उभे राहणे, मग स्वतःचा शब्द. मधली पायरी गाळून मुलाला एकदम पुढे उभे करणे, हे त्याच्यावर प्रेम दिसते, पण त्याच्याकडून आपण काहीतरी काढून घेतो. मागच्या ओळीत चुकण्याची मुभा असते. टाळ चुकला तर शेजारचा नजरेने सांगतो, गोष्ट तिथेच मिटते. व्यासपीठावर मोबाइलपुढे चुकण्याची मुभा कोणालाच नसते, आणि जिथे चुकता येत नाही तिथे शिकताही येत नाही.

काही ज्येष्ठ मंडळींचा सूर याच्या अगदी उलट असतो. ते म्हणतात, मुलाने स्वतःचे काही करायचेच कशाला? संतांनी सांगितले ते पुरे आहे. या म्हणण्यामागे निष्ठा आहे, आणि वारकरी कीर्तनात निरूपणाला संतांचाच अभंग घ्यायचा, आपली पदरची रचना प्रमाण म्हणून ठेवायची नाही, हा दंडक योग्यच आहे. पण तो दंडक प्रमाणापुरता आहे. अनुभव उसना घ्यावा असे आपल्या संतांनी कुठेही शिकवले नाही. सावतोबांना देव मळ्यात भेटला. सेना महाराजांनी आपल्या धंद्यातले शब्द घेऊन परमार्थ सांगितला, नरहरी सोनारांनी आपल्या. जनाबाईंच्या शब्दांत जाते आणि दळण आले. प्रत्येकाने आपल्या हातातल्या कामातून स्वतःची भाषा घडवली. कोणी कोणाची नक्कल केली नाही. नाथमहाराजांनी तर भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, विंचू अशी किती सोंगे आणली. जे रस्त्यावर दिसते तेच उचलून त्यांनी अध्यात्माच्या कामाला लावले.

आणि शिकवणाऱ्यांसाठी सर्वांत मोठा दाखला निवृत्तिनाथांचा. ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. एवढे काम पाहून कोणताही गुरू समाधानाने डोळे मिटील. परंपरा सांगते, की निवृत्तिनाथांनी कौतुक केले आणि म्हणाले, ही गीतेवरची टीका झाली, आता तुझा स्वतःचा अनुभव सांग. त्या आज्ञेतून अमृतानुभव झाला. शिष्याच्या तोंडून आपलेच शब्द परत ऐकण्यात गुरूला सुख असते. ते सुख बाजूला ठेवून "आता तुझे सांग" म्हणणे, हे गुरूचे निष्काम कर्म आहे. फळाची आशा सोडायची ती आधी शिकवणाऱ्याने, असा याचा अर्थ मी घेतो. माझा विद्यार्थी माझ्यासारखाच वाजवतो, हा अभिमानही एक फळच आहे.

हे घरी, गावात कसे करायचे? फार मोठी योजना लागत नाही. एकादशीचे भजन आटोपल्यावर मुलांना विचारावे, "आजच्या अभंगातले कोणते चरण कळले नाही?" कळले काय, हे विचारू नये, त्याची उत्तरे मुले पाठ करून देतात. भारुड बसवताना नाथांचे एखादे भारुड जसेच्या तसे शिकवावे, आणि मग मुलांना म्हणावे, "आता आपल्या गावातले एक सोंग तुम्ही शोधा." ती एसटीचा कंडक्टर आणतील, पाण्याच्या टँकरमागे धावणारी बाई आणतील. ते कीर्तनात प्रमाण म्हणून येणार नाही, पटांगणातच राहील. पण पुढच्या वेळी नाथांचे भारुड ऐकताना त्या मुलांचे कान वेगळे झालेले असतील, कारण असे काही घडवायला काय लागते ते त्यांनी करून पाहिलेले असेल.

मुलींचे वेगळे सांगायला लागू नये, तरी लागते. मृदंग शिकायचा आहे असे मुलीने म्हटले, की आपले तीन प्रश्न चार होतात. चांगदेवांसारख्या योग्याला उपदेश करणारी मुक्ताई वयाने किती लहान होती! तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी आपले सगळे आयुष्य अभंगांत सांगितले. ज्या संप्रदायाने मुक्ताईला गुरुस्थानी बसवले, त्या संप्रदायाच्या घरात मुलीच्या हाताला मृदंग जड होईल का, ही चर्चा शोभत नाही. तिच्या हाताला काय जड होते ते तिचे तिला कळू द्यावे.

शेवटी उरते ते मूल, ज्याला खरोखरच जमत नाही. त्याचा सूर लागत नाही, हात वळत नाही, चित्रातले झाड वाकडेच येते. गुण, पैसा आणि नाव या तिन्ही मापांनी त्याला शिकवणे वाया गेले. आपल्या सर्व विचाराची कसोटी हेच मूल आहे. टाळकऱ्यांच्या ओळीत त्याला जागा आहे का? दिंडीत तरी आहे. चाळीस वर्षे मागच्या ओळीत टाळ धरणारे आणि एकदाही पुढे न आलेले वारकरी तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या गळ्याची कोणी वाखाणणी केली नाही. पण दिवसभराच्या वाटचालीनंतर, पाय सुजलेले असताना, हरिपाठाला त्यांचा टाळ ताल सोडत नाही. त्यांना कोणते फळ मिळाले म्हणायचे? ते ओळीत आहेत, हेच. मला वाटते, फळाची भाषा इथे आपोआप गळून पडते.

म्हणून मुलाने मृदंग मागितला, चित्राची वही मागितली, भारुडात सोंग मागितले, तर उपयोग काय हा प्रश्न जरा उशिरा विचारा. गुणांसाठी मागत असेल तरी द्या; अर्थार्थी तर अर्थार्थी. मात्र दिल्यावर त्याच्या गुरुजींच्या घरची चूल विसरू नका, त्याला मागच्या ओळीत पुरेशी वर्षे राहू द्या, आणि एक दिवस त्याला "आता तुझे सांग" म्हणायला तयार राहा. घरात वापरात नसलेली टाळांची एखादी जोडी देव्हाऱ्यापाशी खुंटीला टांगलेली असेल. तिची दोरी बदलून ती येत्या एकादशीला कोणा मुलाच्या हाती द्यावी, एवढीच विनंती.

रामकृष्ण हरी.